हौसाबाईची वेणी

ऋजुता गलांडेच्या प्रयोगशाळेत लोक केस घेऊन येत. कुणी पणजीचं गंगावन जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून आणी, कुणी आजोबांचं जावळ. एका बाईंनी घराण्यातल्या कुणा जोगतिणीची जट आणली होती. ती पिशवीतून बाहेर काढण्यापूर्वी त्यांनी प्रयोगशाळेतल्या टेबलाला हळदकुंकू वाहिलं होतं. ऋजुता कुणाला हसत नसे. ती प्रत्येकाला खुर्चीत बसवी, चहा देई आणि आधी त्यांच्याकडे असलेली गोष्ट ऐकून घेई. मगच केस यंत्रात जात.

या यंत्राला केशवाचक म्हणत. दहा वर्षांपूर्वी तो देशात दोन-तीन ठिकाणी होता, आता कोल्हापूरसारख्या शहरातही आला होता. त्यामागचं विज्ञान ती आपल्या श्रोत्यांना सोपं करून सांगे. केस महिन्याला साधारण बोटाच्या अर्ध्या पेराएवढा वाढतो. वाढताना त्या दिवसांत पोटात जे गेलं त्याचा अंश त्यात उतरतो, आणि कातडीबाहेर आला की केस मेलेला असतो, म्हणून तो अंश पुढे बदलत नाही. ज्वारी-बाजरी हवेतला कार्बन एका पद्धतीनं घेते, गहू-तांदूळ दुसऱ्या. त्यामुळे भाकरी खाणाऱ्याचा केस आणि पोळी खाणाऱ्याचा केस वेगळा वाचता येतो. पाणीही केसात उतरतं. माणदेशातल्या विहिरीचं पाणी आणि कृष्णेचं पाणी यांची खूण एक नसते. बाई गरोदर असली की शरीर नायट्रोजन राखून ठेवतं, तेही दिसतं. आणि माणूस उपाशी राहिला, की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागतं. मग जड नायट्रोजनाची रेघ वर चढते. केशवाचकाचा किरण केसावरून मुळापासून टोकापर्यंत सरकत जाई आणि पडद्यावर माणसाच्या ताटाचा इतिहास उमटे.

हे इतिहास ती ‘मागची माणसं’ नावाच्या पॉडकास्टमध्ये सांगे. ऐकणारे लाखांत होते. आणि या सगळ्या मागच्या माणसांत तिची सर्वांत लाडकी होती तिची स्वतःची आजी, वडिलांची आई, हौसाबाई.

माण तालुक्यातल्या खडकमाळ गावात तिला हौसाबाई कुणी म्हणत नसे. ती अन्नाई होती. बहात्तरच्या दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया लेकरं काखेत घेऊन गलांड्यांच्या दारावरून जात. हौसाबाई रोज आपल्या वाटणीची भाकरी त्यांना देई आणि घरात कुणाला कळू देत नसे. एके दिवशी ती चुलीपुढेच कोसळली. चोविशी-पंचविशीची बाई, मागे दोन वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे ऋजुताचे वडील, मोहनराव. नवरा मुंबईला गिरणीत होता. तो आला तेव्हा सारं आटोपलं होतं. त्यानं बायकोची, दहनाआधी बायांनी मुळाशी कापून ठेवलेली लांब वेणी तेवढी मागून घेतली आणि देवघरात ठेवली.

पुढे त्या वेणीची पूजा सुरू झाली. दर माघात अन्नाईचा उत्सव होई, हजारोंच्या पंगती उठत. गलांड्यांच्या घरात आलेली नवी सून त्या दिवशी वेणीपुढे ‘अन्नाईचा वसा’ घेई. सर्वांमागून जेवायचं, आणि आठवड्यातले दोन दिवस एकदाच. ऋजुताच्या आईनंही तो घेतला होता. ती जन्मभर शेवटी जेवली, उरलं तर जेवली. तिच्या अंगात रक्त कधी भरलंच नाही. पाच वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली, तेव्हा मोहनराव म्हणाले होते, “अन्नाईची सून शोभली.” आणि ऋजुताला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

बहात्तरच्या दुष्काळाला आता पाऊणशे वर्षं होत आली होती. या वेळचा उत्सव मोठा करायचा असं ठरलं. अन्नाईच्या ट्रस्टचे अध्यक्ष मोहनरावच होते. ते स्वतः वेणी घेऊन कोल्हापूरला आले.

“तू जगाची माणसं वाचतेस,” ते म्हणाले, “आता आपली वाच. उत्सवात तूच सांग.”

ऋजुतानं पेटी उघडली. लाल कापडात गुंडाळलेली वेणी तिनं लहानपणापासून लांबून पाहिली होती. हातात ती पहिल्यांदाच येत होती. केस चांगले कमरेपर्यंतचे होते, म्हणजे पाच-सहा वर्षांचं आयुष्य त्यात होतं.

तिनं त्या दिवशी दुसरं काही काम घेतलं नाही.

टोकाकडच्या केसांत हौसाबाईचं माहेर होतं. कृष्णेचं पाणी, गहू, भात, डाळी, दूध. मग पाणी बदललं, ज्वारी आली. लग्न झालं होतं. आणि सासरचं पहिलं वर्ष संपता संपता नायट्रोजनाची रेघ चढू लागली.

ऋजुताला वाटलं, तारखांत गफलत झाली. तिनं पुन्हा मोजलं. वेणीत एक पक्की खूण होती, गरोदरपणाची. मोहनरावांची जन्मतारीख माहीत होती, तिच्यावरून बाकीचं सगळं जुळवता येत होतं. गफलत नव्हती. दुष्काळ यायच्या तीन वर्षं आधी, गावात पाऊस बरा असताना, गलांड्यांच्या कणग्या भरलेल्या असताना, हौसाबाई उपाशी होती. एखाद्या दिवसापुरती नव्हे, सलग काही महिने. मग गरोदरपणाच्या शेवटी पाणी पुन्हा कृष्णेचं झालं, गहू आणि दूध आलं, रेघ खाली उतरली. बाळंतपणाला ती माहेरी गेली होती. तिथं ती पोटभर जेवत होती. मग परत माणदेशाचं पाणी, आणि रेघ पुन्हा वर. त्यानंतर ती उतरली नाही. दुष्काळ आला तेव्हा वेणीत काही नवं घडलंच नाही. जे चाललं होतं तेच चालू राहिलं, मुळापर्यंत.

दुसरे केस घेऊन तिनं पुन्हा तपासलं. पुन्हा तेच आलं.

दोन दिवसांनी ती खडकमाळला गेली. मोहनराव ओट्यावर बसून वर्तमानपत्र ऐकत होते. त्यांची नजर अधू झाली होती. म्हणून तिनंच त्यांच्या वाचनयंत्रात स्वतःचा आवाज घालून दिला होता, लेकीच्या आवाजात बातम्या ऐकायला मिळाव्यात म्हणून. तिला पाहताच त्यांनी तो बंद केला.

तिनं सगळं सांगितलं.

“यंत्र चुकत नाही का कधी?”

“चुकतं. पण असं नाही चुकत, पप्पा. ती फक्त या घरात उपाशी होती.”

“मग आक्काला विचार,” ते म्हणाले. “मी काय, दोन वर्षांचा होतो.”

आक्का म्हणजे मोहनरावांची आत्या, हौसाबाईची नणंद. वय नव्वदीचं, पण कान आणि जीभ शाबूत. आईमागं मोहनरावांना तिनंच वाढवलं होतं. अन्नाईची गोष्ट ऋजुतानं ऐकली ती आक्काच्याच मांडीवर. गोष्ट कशी सांगावी, कुठे थांबावं, कुठे आवाज बारीक करावा, हे सारं ती तिच्याकडूनच शिकली होती.

आक्का परसात उन्हाला बसली होती. ऋजुतानं तिच्यापुढे कोणतेही आलेख मांडले नाहीत. नुसतं विचारलं, “आक्का, आजीला जेवायला कोण वाढायचं?”

आक्कानं तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यानंच ऋजुताला कळायचं ते कळलं.

“केसात दिसतंय व्हय तसलं बी?” आक्का म्हणाली.

“दिसतं.”

“आईच्या कमरंला किल्ली असायची कोठीची. पीठ आई काढून द्यायची. भाकरी हौसावैनी करायची आन् वाढायची मी.” ती थांबली. “आई म्हणायची, तिला अर्धी घाल. मग कधी म्हणायची, आज नगं घालूस.”

“का पण? काय केलं होतं तिनं?”

“काय केलं न्हवतं. पयल्यांदा कायतरी उलट बोलली म्हून शिक्षा. मग...” आक्कानं हात हवेत फिरवला. “मग आमाला सवय झाली. खपत न्हवती आईला, बास. दादा मुंबईला. इचारणार कोण?”

“तू विचारू शकत होतीस.”

“मी सतरा-अठरा वर्साची, सासरनं टाकलेली. मी इचारलं असतं तर माजी बी भाकरी अर्धी झाली असती.”

“आणि सडकेवरच्या बाया?”

“कुणी आली न्हाई. हौसावैनी मेली तवा तिचा बाप आला, तिच्या धाकल्या भावाला घिऊन. बाप लई रडला, भांडाय उठला. आई म्हनली, तुमच्याकडनंच पोर खंगून आली, बाळंतपनात तुमी धड खायाला घातलं न्हाई. तो बापडा गप झाला. मोकळ्या हातानं गेला, परत आला न्हाई. गावात मातूर कुजबूज व्हाय लागली. तवा आईनं सडंकंवरच्या बायांचं काढलं.”

“माहेरला एक सांगितलं आणि गावाला दुसरं.”

“गावाला मी सांगितलं,” आक्का म्हणाली. “आईला कुटं यायचं सांगाय! मलाच येत हुतं.”

तिच्या आवाजात किंचित अभिमान होता. तो ऐकून ऋजुता उठली. ज्या मांडीवर डोकं ठेवून ती मोठी झाली होती तिच्याकडे तिला पुन्हा बघवलं नाही.

बाहेर मोहनराव उभे होते. त्यांनी काय ऐकलं, काय नाही, ते तिनं विचारलं नाही. ती म्हणाली, “पप्पा, मी उत्सवात ती गोष्ट सांगणार नाही. आणि सुनांचा वसा बंद झाला पाहिजे. आई त्या वशानं गेली.”

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “पण एकदम नको. लोकांची श्रद्धा आहे. मी सांगतो सगळ्यांना, सावकाश, माझ्या पद्धतीनं. या वर्षी वसा होणार नाही. तू येऊसुद्धा नकोस, तुला त्रास होईल.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला रडू आलं. निदान हा माणूस आपला आहे, असं तिला वाटलं.

उत्सवाच्या आदल्या दिवशी तिला एक फोन आला. तिच्या चुलतभावाच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं, त्याची बायको बोलत होती. मुलगी उत्साहात होती. “आत्या, मी तुमचे सगळे भाग ऐकलेत हो. उद्या तुमच्या तोंडून अन्नाईची गोष्ट ऐकायची आणि मग वसा घ्यायचा, केवढं भाग्य माझं!”

“माझ्या तोंडून?”

“पत्रिकेत नाव आहे ना तुमचं.”

ऋजुता सकाळीच निघाली. ती पोचली तेव्हा मांडव भरला होता. पुढे चौरंगावर वेणी होती, झेंडूच्या माळांत. ती मागच्या बाजूनं आत शिरली आणि तिच्या कानावर तिचाच आवाज पडला.

“मी ऋजुता. अन्नाईची नात. जे आपण श्रद्धेनं मानत आलो ते आज विज्ञानानं सिद्ध केलं आहे. अन्नाईच्या केसांतच लिहिलं आहे, की तिनं अन्न सोडलं होतं. एक-दोन दिवस नव्हे, कित्येक महिने...”

आवाज तिचा होता. थांबे तिचे होते. ‘कित्येक’ म्हणताना ती जसा श्वास घेई तसाच तो घेतलेला होता. माणसं डोळे पुसत होती. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला ओळखलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. ऋजुता दोन पावलं मागे सरली, मांडवाच्या कनातीला धरून उभी राहिली.

मोहनराव मंचामागे होते. ती समोर जाऊन उभी राहताच ते म्हणाले, “तुला येऊ नको म्हटलं होतं.”

“तुम्ही माझा आवाज घेतलात.”

“तूच दिला होतास.”

“बातम्या ऐकायला दिला होता, पप्पा!”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मला माहीत होतं,” ते हळूच म्हणाले. “तुझ्या यंत्राच्या कितीतरी आधीपासून. माझे वडील मरताना बोलले होते.”

“मग वेणी घेऊन माझ्याकडे का आलात?”

“उपास झाला होता एवढं तर दिसेलच, आणि तेवढं पुरेसं होतं. तू इतकं खोल वाचशील हे नाही ध्यानात आलं.” त्यांचा आवाज चिडका झाला. “मला आई आठवत नाही, ऋजू. आक्का आठवते. तिनं मला घास भरवलेत. आता म्हातारपणी तिला खुनी म्हणू? मला निदान देवी झालेली आई मिळाली. तुला ती पण काढून घ्यायची आहे?”

“आणि माझी आई?”

त्यांनी मंचाकडे पाहिलं. ध्वनिमुद्रण संपत आलं होतं, आणि नवी सून ओटी घेऊन चौरंगाकडे निघाली होती.

ऋजुता मंचावर गेली आणि तिनं माइक हातात घेतला. टाळ्या झाल्या.

“आत्ता ऐकलात तो आवाज माझा नाही,” ती म्हणाली. “मी हे कधी बोलले नाही. हौसाबाईनं अन्न सोडलं नव्हतं. तिचं अन्न तोडलं होतं. याच घरात, दुष्काळाच्या आधीपासून, कोठी भरलेली असताना. ती माहेरी गेली की जेवत होती, इथं आली की उपाशी राहत होती. तिनं कुणासाठी जीव दिला नाही. तिचा जीव घेतला.”

कुणीतरी मागून ओरडलं. पहिल्या रांगेत खुर्चीत बसलेली आक्का जमिनीकडे बघत होती. ऋजुता तिला म्हणाली, “आक्का, तू सांग ना. तुला सांगता येतं.” आक्का हलली नाही.

मोहनराव वर आले. त्यांनी लेकीच्या हातातून माइक काढून घेतला, जबरीनं नव्हे, अगदी मायेनं. “माझी लेक तिची आई गेल्यापासून बरी नाही,” ते म्हणाले. “तुम्ही समजून घ्याल. पंगत तयार आहे. बसून घ्या मंडळी.”

आणि माणसं उठली. काहींनी जाताना तिच्याकडे कीव करून पाहिलं. नवी सून मात्र ओटी हातात घेऊन उभीच होती. तिची नजर ऋजुतावर होती, जणू काही विचारायचं होतं. तिच्या सासूनं तिच्या पाठीला हात लावला. मुलगी पुन्हा एकदा वळून बघत चौरंगापुढे वाकली.

ऋजुता गाडीत येऊन बसली, पण कोल्हापूरच्या रस्त्याला लागली नाही. कराडात एका लॉजवर मुक्काम करून सकाळी ती कृष्णाकाठच्या कासारशेत गावात आली. हौसाबाईच्या माहेरचं आडनाव माने, एवढंच तिला ठाऊक होतं. चावडीपाशी विचारल्यावर लोकांनी धोंडीराम मान्यांचं घर दाखवलं. हौसाबाईचा धाकटा भाऊ. बहीण गेली तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता, आता शरीर वाळलेलं, हातात काठी.

ती कोण आहे हे कळल्यावर त्यांनी तिला आत बोलावलं नाही. अंगणातच उभं ठेवलं. “गलांड्याकडनं आलीस? कशाला?”

तिनं सांगितलं. या वेळी तिनं कुठे थांबावं, आवाज कुठे बारीक करावा, यातलं काहीच केलं नाही. जसं सापडलं तसं सांगत गेली. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होता. ती बाळंतपणाच्या महिन्यांपाशी आली तेव्हा त्यानं तिला थांबवलं.

“ह्ये पुन्ना सांग. आमच्याकडं व्हती तवाचं.”

“तेव्हा ती नीट जेवत होती, आबा. गहू, भात, दूध, सगळं होतं. बाळ अंगावर पीत असूनसुद्धा तिची तब्येत भरत होती.”

“नक्की? यंत्रात तसं आलंय?”

“नक्की.”

धोंडीराम खाली पायरीवर बसले. त्यांची सून दारात येऊन उभी राहिली होती, तिच्याकडे वळून ते म्हणाले, “ऐकलंस का गं? आई खायाला घालत हुती.” मग ऋजुताला म्हणाले, “माजी आई ताईमागं वीस वर्सं जगली. त्या वीस वर्सांत तिनं दूध तोंडाला लावलं न्हाई. म्हनायची, माज्या पोरीला म्या कमी घातलं, म्हून ती गेली. आमी बी तसंच समजत आलो. बा तर त्या दिसापास्नं ताठ मानंनं कुटं हिंडलाच न्हाई.” “तिला सांगाय पायजे हुतं कुनीतरी.”

ऋजुता त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. खडकमाळला तिला कुणी विचारलं नव्हतं की नक्की काय आलं. इथं विचारलं गेलं, आणि ऐकून घ्यायला हवी होती ती माणसं केव्हाच मरून गेली होती.

धोंडीरामांनी विचारलं, “येणी कुटं हाय आता?”

“त्यांच्याच घरी. पूजेत.”

“ज्यांनी मारली त्यांच्यात?”

धोंडीराम काठी टेकत उठले. “टोपी दे माजी,” ते सुनेला म्हणाले.

“आबा, कुठं निघाला या वयात?” सुनेनं विचारलं.

“ताईला आणाय. बा गेला हुता, त्यो तिला तितंच सोडून आला. लेक काय आपली आपण येती व्हय? मुराळी जावा लागतो.”

“ते देणार नाहीत, आबा,” ऋजुता म्हणाली. “माझे वडीलच देणार नाहीत.”

“न दिऊंदेत. दारात बसू.” त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि गाडीचं पुढचं दार स्वतःच उघडलं. “पर बाच्यावानी मोकळ्या हातानं न्हाई यायचो मी. चल.”